डोळे ते माटे, व्हाया वॉलॉंगॉंग

आडनाव हे कुळाचं निशाण आहे. माणूस जगाच्या पाठीवर कुठेही जावो, हे निशाण त्याला खाली ठेवता येत नाही.

हे वाक्य माझं नाही. डोळे कुलमंडळाच्या संमेलनात अध्यक्षांनी ते दोनदा म्हटलं, कारण पहिल्या वेळी माईक बंद होता. आमच्या कुळाबद्दल खात्रीने सांगता येतं ते इतकंच की कोकणातल्या कुठल्याशा वाडीत आमचा एक पूर्वज लोकांच्या आंब्यांवर डोळे लावून बसायचा. राखणीसाठी की दुसऱ्या कशासाठी, यावर मंडळात दोन गट आहेत. गावाने त्याला हे नाव ठेवलं. टिंगल करणारे गेले, नाव राहिलं, आणि आता त्याचं निशाण झालं आहे.

हे निशाण ऑस्ट्रेलियात धोक्यात असल्याची बातमी मंडळाला लागली. माझा पुतण्या सुहास वॉलॉंगॉंग नावाच्या गावी डॉक्टर आहे. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या दवाखान्यात बसत होता; आता स्वतःचा काढणार होता आणि पाटीवर ‘डोळे’ लावणार नव्हता. एवढ्यावर भागलं असतं तर कार्यकारिणीने सुस्कारा टाकून चहा घेतला असता. पण सुहास बायकोचं आडनाव घेणार होता. मृणाल लग्नानंतरही माटेच राहिली होती, आणि आता सुहासही माटे होणार होता. ‘दत्तक गेला असता तरी चाललं असतं,’ असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले.

त्याचं मन वळवायला मला पाठवावं असा ठराव झाला. मी सख्खा काका, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, आणि तसाही त्यांच्याकडे जाणारच होतो. सत्कारासाठी मंडळाने शाल आणि श्रीफळ बरोबर दिलं. आधी सत्कार करायचा, मग माणूस ऐकून घेतो, अशी मंडळाची कार्यपद्धती आहे.

सिडनी विमानतळ

श्रीफळ विमानतळाबाहेर आलंच नाही. ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू आणली की आधी सांगावी लागते. मी सांगितलं. गणवेशातल्या एका तरुणाने नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. बाजारात आपण हलवतो अगदी तसाच.

“हा कशासाठी, मेट?”

“एका डॉक्टरचा सन्मान करायला.”

“नारळ देऊन?”

“आणि शाल.”

त्याने शाल उलटसुलट करून पाहिली. “शाल चालेल, मेट. नारळ राहील.” मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, “नो वरीज, मेट.”

‘मेट’ म्हणजे दोस्त, गडी, भाऊ, आणि आवाज जरा चढवला तर ‘बाजूला हो’सुद्धा. हा शब्द इंग्रजीत लिहिताना आणि माटे आडनाव इंग्रजीत लिहिताना तीच चार अक्षरं लागतात. म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारच्या पहिल्याच प्रतिनिधीने मला दोन मिनिटांत तीनदा आमच्या व्याह्यांच्या आडनावाने हाक मारली होती. मोहीम अवघड जाणार हे मला तिथेच कळायला हवं होतं.

वेंटवर्थव्हिल

सुहास न्यायला आला होता. “आधी नारळ घेऊ,” मी म्हणालो. त्याने काही न विचारता गाडी वेंटवर्थव्हिलकडे वळवली. आमच्या घराण्यात वाढलेल्या माणसाला नारळ कशासाठी हे विचारावं लागत नाही.

वेंटवर्थव्हिलच्या मुख्य रस्त्यावर पुण्याच्या माणसाला चुकल्यासारखं होत नाही. दुकानात शेपू होता, कोकम होतं, मुरमुऱ्यांची पोती होती. नारळाची शेंडी मात्र साफ काढलेली होती. बिनशेंडीचा नारळ मुंज व्हायच्या आधीच संन्यास घेतल्यासारखा दिसतो. तरी घेतला.

तिथल्याच एका हॉटेलात जेवायला सुहासचा मित्र पराग आला. हा पॅरामॅटाला एका बॅंकेत कॉम्प्युटरचं काम करतो. मूळचा सहकारनगरचा.

“काका, इथे आपल्या आडनावांची पार वाट लागते,” डोशाचा पहिला तुकडा मोडतानाच त्याने सुरुवात केली. “आमचे एक गोरे आहेत, सर्जन. आता ‘गोर’ म्हणजे रक्ताचा सडा. पेशंट भूल देण्याआधी पाटी वाचतो आणि मग भूल द्यायची गरजच राहात नाही. साने आहेत एक, मानसोपचारवाले. ‘सेन’ म्हणजे शहाणा. त्यांचं बरं आहे, फुकटची जाहिरात. आणि माझा टीम लीडर लाड. ‘लॅड’ म्हणजे पोरगा. पन्नाशीचा बाप्या आहे, सगळे ‘द लॅड’ म्हणतात.”

“मग त्याला राग येतो?”

“कशाला? त्याने मगवर छापून घेतलंय.”

मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे पोटे आहेत, टकले आहेत, दहीभाते आहेत. आगलावे नावाच्या माणसाला आपण घरी बोलावतो आणि स्वयंपाकघरातसुद्धा जाऊ देतो. ऐकून ऐकून आपले कान निबर झालेले असतात. परदेशात गेलं की आडनावाला पुन्हा कोवळे कान भेटतात, एवढंच.

“पण डोळे म्हणजे हाइट आहे, यार,” पराग म्हणाला आणि सुहासकडे बघून गप्प झाला.

पुढचं सुहासने सांगितलं. डोळे इंग्रजीत लिहिलं की तिकडचे लोक ‘डोल’ वाचतात. डोल म्हणजे काम नसलेल्यांना सरकार देतं तो भत्ता. आणि भत्त्यावर लोळत पडणाऱ्याला म्हणतात डोल ब्लजर. ही शिवीच आहे, तीही तोंडावर देण्यातली.

“म्हणजे मी डॉक्टर बेकारभत्ते,” सुहास म्हणाला.

“आणि सर्टिफिकेटही हाच देतो!” परागला राहवलं नाही. “तब्येतीमुळे काम जमत नाही असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं ना, काका. लोक म्हणतात, डॉक्टर डोलकडे जा, नावातच गॅरंटी आहे.”

पराग हसला, मी हसलो. सुहास बिलाकडे बघत होता. मी मोहिमेचा विषय तिथे काढला नाही. शाल बॅगेत होती.

वॉलॉंगॉंग

वॉलॉंगॉंग हे नाव तिथल्या मूळच्या लोकांच्या बोलीतून आलेलं आहे. त्याचा नेमका अर्थ काय याबद्दल मी ज्याला विचारलं त्याने वेगळाच सांगितला, आणि प्रत्येकाने ठामपणे सांगितला. इथेही एखादं कुलमंडळ सहज चाललं असतं.

गाव मात्र देखणं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा, आणि दोन्हींच्या मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात माणसं. आमच्या कोकणासारखंच, फक्त रस्ते पूर्ण झालेले. दक्षिणेला पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात आणि क्षितिजावर जहाजं रांगेत उभी असतात. सकाळी पांढरे काकाकुवे गच्चीच्या कठड्यावर बसून एकमेकांवर ओरडतात. कार्यकारिणीच्या बैठकीची आठवण येऊन मला पहिल्या दिवशी अगदी घरच्यासारखं वाटलं.

मृणाल युनिव्हर्सिटीत शिकवते. तिकडे ‘युनी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन माणूस कुठलाही लांब शब्द सहसा पुरा उच्चारत नाही. दुपारला ‘आर्व्हो’ म्हणतात. उरलेला वेळ बहुतेक समुद्रावर घालवतात.

त्या संध्याकाळी तिने बारामुंडी नावाचा मासा तिखट-हळद लावून रव्यात तळला होता. मासा ऑस्ट्रेलियन, पण जीव मालवणी. मी दुसरा तुकडा घेतला आणि विषय काढला.

“सुहास, मंडळाचं म्हणणं असं आहे—”

“काका, मंडळाचं म्हणणं मला माहितीये. तुमच्या बॅगेत शाल आहे.”

“तुला कसं कळलं?”

“तुम्ही विमानातून उतरून नारळ मागितलात.”

मग त्याने त्याचं म्हणणं सांगितलं. ते थट्टेचं नव्हतं. “लोक हसतात त्याचं मला काही नाही. पण हे कारखान्याचं गाव आहे. काम सुटलेली माणसं येतात माझ्याकडे. पाठ गेलेली, गुडघे गेलेले, आयुष्यात पहिल्यांदा भत्ता घेणारे. एक जण आला, दारावरचं नाव वाचलं, आणि उलट्या पावली गेला. त्याला वाटलं कोणीतरी त्याची चेष्टा केलीये. पंधरा दिवसांनी ॲम्ब्युलन्समधून आला. आता दवाखाना माझा, पाटी माझी. तो शब्द मी दारावर टांगणार नाही.”

मंडळाने ठरावात या मुद्द्याचा विचार केलेला नव्हता.

“आणि माटे कशाला?” मी विचारलं.

“घरातलंच आहे. आणि इथे त्याच्याइतकं चांगलं नाव नाही. डॉक्टर मेट! माणूस दारातच मोकळा होईल.”

मृणाल इतका वेळ माशाचे काटे काढत होती. “मला विचारलंस?” ती म्हणाली.

“अगं, विचारलं होतं की.”

“सांगितलं होतंस. ‘मी तुझं लावतो, तुला आवडेल ना?’ हे विचारणं नव्हे. तुझं आडनाव सोडायचं तर सोड, सुहास. पण माझं काही खुंटीवर टांगलेलं नाहीये, की बाहेर पाऊस आला म्हणून घेतलं.”

“लोक याला पुरोगामी म्हणतात, मृणाल.”

“लोकांनी बायकोचं नाव पाटीसाठी घेतलेलं नसतं.”

मी तिसरा तुकडा घेतला. पाटी रंगवणाऱ्याला शुक्रवारपर्यंत नाव कळवायचं होतं आणि शनिवारी उद्घाटन होतं.

दवाखाना

गुरुवारी आर्व्होला सुहास मला नवा दवाखाना दाखवायला घेऊन गेला. औषधांचं दुकान आणि मासे-चिप्सचं दुकान यांच्या मधली जागा. दारावर पाटीची रिकामी चौकट. आत केरी नावाची बाई टेबल पुसत होती. पेशंटांच्या वेळा देणं, फोन घेणं आणि सुहासला वेळेवर जेवायला लावणं ही तिची कामं. जुन्या दवाखान्यातून ती त्याच्याबरोबरच आली होती.

“नाव काय?” तिने मला विचारलं.

“प्रोफेसर डोळे.”

“नाही, नाव.”

“वसंत.”

“चहा घेणार का, वॅझ?”

आई गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. अर्ध्या नावाने तर आईनेही मारली नव्हती. मी चहा घेतला.

चहाबरोबर पाटीचा विषय निघाला. केरीला तो पाठ होता. “मी जन्माने बोगन,” ती म्हणाली. बोगन हे खरोखरीचं आडनाव आहे, आणि तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ आपल्या ‘गावठी’च्या बराच पलीकडे जातो. मळकी बंडी, ढणढण वाजणारी गाडी आणि न्याहारीला बिअर, असा सगळा संसार त्या एका शब्दात मावतो.

“शाळेत फार चिडवलं असेल,” मी म्हणालो.

“रोज. मग मोठी झाले, एक चांगला मुलगा भेटला. म्हटलं, चला, लग्न केलं की सुटले. त्याचं आडनाव रूट.”

सुहासने मान खाली घातली. या क्रियापदाचा ऑस्ट्रेलियन अर्थ मी इथे देत नाही. मी सगळी नोकरी वर्गात ‘रूट’ म्हणजे धातू असं शिकवत आलो. तिकडे हाच विषय शिकवला असता तर वर्ग भरलेला राहिला असता.

“मग काय केलंस?”

“लग्न केलं. बोगनच राहिले. रोज दोनपैकी एक निवडायचं तर माणूस ओळखीचं निवडतो.” तिने कप उचलले. “मी याला कधीची सांगतेय, मोठ्या अक्षरात डॉक्टर सुहास लिही. इथे आडनाव कोण विचारतं, लव्ह? पोलीस विचारतात.”

“नुसतं नाव? पाटीवर?” सुहास म्हणाला. “न्हाव्याच्या दुकानासारखं दिसेल ते.”

मला मनातून पटलं. डॉक्टरकीचा निम्मा गुण आडनावाला असतो असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. आपला डॉक्टर म्हणजे जोशी डॉक्टर, केळकर डॉक्टर. डॉक्टर विनायक म्हटलं की माणूस पाठीचं दुखणं न सांगता पत्रिका पुढे करतो. या बाबतीत काका-पुतणे एकाच बाजूला होते, आणि बाजू केरीच्या विरुद्ध होती.

शुक्रवार

संध्याकाळी सुहासने फोन हातात घेतला. “पाटीवाल्याला कळवतो. डॉक्टर सुहास माटे.”

“थांब,” मृणाल म्हणाली. “नाव बदलायचं तर रीतसर बदलू.”

ती आतून स्टीलचं ताट घेऊन आली. ताटात तांदूळ पसरलेले होते. बोटातली अंगठी काढून तिने काठाशी ठेवली.

परप्रांतीय वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे बऱ्याच लग्नांत नवऱ्या मुलीचं माहेरचं नाव बदलतात, आडनाव तर बदलतातच. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, बायका हसतात, पेढे वाटतात. सुहासच्या लग्नातही हे ताट मांडलं होतं. आमच्या घरच्या बायकांनी ‘सुहासिनी’ हे नाव ठरवलं होतं. सुहासने ‘सु’ लिहिला, आणि नवरी म्हणाली, “तांदूळ चांगला दिसतोय, आत नेऊन ठेवा.” मी तेव्हा पंगतीची व्यवस्था बघत होतो, मठ्ठा वाढेपर्यंत ‘आगाऊ आहे’ हे वाक्य माझ्यापर्यंत चार दिशांनी आलं होतं.

“बस,” मृणालने सुहासला बुटक्या स्टुलावर बसवलं. “काका, तुम्ही साक्षीदार. टोपी आणलीये का?”

“नाही.”

“शाल घ्या मग खांद्यावर.”

मी घेतली. कुलमंडळाची शाल अखेर उपयोगी पडली.

“फक्त आडनाव नको,” ती म्हणाली. “करायचं तर पूर्ण करू. नावही बदलू. मृणालला शोभेल असं. मला मिहिर आवडतं.”

“मृणाल, पुरे.”

“पेढे नाहीयेत, लॅमिंग्टन केक आहे फ्रीजमध्ये. आणि मधलं नाव आता बाबांचं नको. माझं.” तिने अंगठी उचलली आणि तांदळात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: मिहिर मृणाल माटे.

सुहास हसला. मग ताटाकडे बघत राहिला. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं, आणि चष्मा नाकावर सरकला तरी त्याने तो वर केला नाही.

“हे कोण आहे?” त्याने विचारलं.

“मीही हेच विचारलं होतं,” मृणाल म्हणाली. “तेव्हा बॅंड वाजत होता.”

बाहेर काकाकुवे ओरडत होते. मला भाषण येतं. कुठल्याही प्रसंगी पाच मिनिटं बोलू शकतो अशी माझी ख्याती आहे. मी शाल सावरून बसून राहिलो.

“तुला तेव्हा असं वाटलं होतं?” सुहास म्हणाला.

“असंच. फक्त बघायला दोनशे माणसं होती.”

त्याने तळहाताने तांदूळ सारखे केले. नाव गेलं. अंगठी उचलून त्याने तिच्या बोटात घातली. नीट बसेना म्हणून दोनदा फिरवली.

“आता पाटीचं काय?” तो म्हणाला. “तो माणूस उलट्या पावली गेला होता, मृणाल. ते काही मी मनाने रचलेलं नाही.”

“नाहीच. पण त्याचं उत्तर केरीने दिलंय. तुला ते न्हाव्यासारखं वाटतं म्हणून तू ऐकलं नाहीस.”

सुहासने माझ्याकडे पाहिलं. डोळे घराण्याच्या अधिकृत प्रतिनिधीने या क्षणी काहीतरी म्हणणं गरजेचं होतं.

“न्हाव्याकडे लोक न घाबरता जातात,” मी म्हणालो.

त्याने फोन लावला.

शनिवार

पाटी सकाळी चढली. वर मोठ्या, दुरून दिसणाऱ्या अक्षरांत ‘डॉक्टर सुहास’. खाली, कायद्याने पूर्ण नाव लागतं म्हणून, सुहास डोळे आणि पदव्या, एवढ्या बारीक की वाचायला डोळ्यांचाच डॉक्टर लागावा. मंडळाला काय कळवायचं ते मी मनात जुळवून ठेवलं: आडनाव पाटीवर कायम आहे. अक्षरांच्या आकाराबद्दल ठरावात काही म्हटलेलं नव्हतं.

मी उंबऱ्यावर वेंटवर्थव्हिलचा नारळ फोडला. तो नासका निघाला. पाण्याला असा वास सुटला की मासे-चिप्सवाला बाहेर येऊन बघून गेला. मी जाहीर केलं की नासका नारळ निघणं अत्यंत शुभ असतं. आपल्याकडे अशा वेळी हेच म्हणतात. केरी म्हणाली, “गुड ऑन यू, वॅझ,” आणि फडकं घेऊन आली.

पहिला पेशंट तासाभराने आला. साठीचा, रुंद खांद्यांचा, एका हाताने कंबर धरलेला. कधीकाळी उलट्या पावली गेलेला तो हा नव्हे. तसं झालं असतं तर माझं कोणी खरं मानलं नसतं. तो पाटीसमोर थांबला. आतून काचेतून सुहास बघत होता आणि आपण बघत नाही असं दाखवत होता. मृणालने माझा दंड धरला.

माणसाने पाटी वाचली. दार ढकललं.

“सुहास आहे का?” त्याने केरीला विचारलं.

“आहे की, डार्लिंग. बस.”

तो बसला. मृणालने माझा दंड सोडला. नंतर पाहिलं तर तिथे वळ उठला होता.

त्या रात्री जेवायला त्याच तांदळाची मुगाची खिचडी होती. बासमती असल्यामुळे मोकळी झाली.

पुणे

परत आल्यावर मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं. एक डोळे डोळेच राहिला याबद्दल अध्यक्षांनी समाधान व्यक्त केलं, आणि आडनाव हे निशाण आहे ते वाक्य पुन्हा म्हटलं. माईक या वेळी चालू होता. मी उत्तराच्या भाषणात ताटातल्या तांदळाची हकिगत सांगितली. लोकांना ती आवडली. हसले, काही बायका जास्त वेळ हसल्या. मृणालने ते आडनाव वाचवलं, तिचं आणि त्याचंही, हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. अध्यक्षांनी तिच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत तिची विशेष नोंद घ्यायचं ठरलं.

आवृत्ती परवा हातात आली. नोंद ठळक टाइपात आहे: सौ. सुहासिनी सुहास डोळे.